सकाळी गवत, दुपारी झाडं

तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई औषध देत नाहीत, हे कळायला इमारतीला दोन वर्षं लागली. तोवर निम्म्या बिऱ्हाडांनी त्यांना जिभा काढून दाखवल्या होत्या. बाईंची डॉक्टरकी परागकणांची. फुलांतून उडणारी ती धूळ सहा वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली मोजून त्यांनी पीएचडी मिळवली आणि शेजाऱ्यांनी त्यांना 'कणबाई' ही पदवी बहाल केली. दोन्हींत दुसरीच जास्त कामाची. निदान हाक तरी मारता येते.

नोकरी मात्र कुठे जमेना. सात मुलाखती झाल्या. मोठ्या भावाने फर्मान काढलं, "आता आठवी शेवटची. नाहीतर माझ्या फर्निचरच्या दुकानात ये, बस."

"बसायला खुर्च्या भरपूर आहेत हो, वन्सं!" वहिनींनी पुस्ती जोडली.

कणबाई थेट कृत्रिम बुद्धिमत्तेच्या तीन महिन्यांच्या वर्गात नाव घालून आल्या. तिथे सगळे पीएचडीवालेच! एक जुन्या नाण्यांवाला, एक माशांच्या खवल्यांवाली, आणि सगळ्यांची तोंडं परीक्षेला उशिरा पोचल्यासारखी. बाईंनी आपल्या संशोधनातले चार हजार फोटो संगणकाला दाखवले. हे गवताचे कण, हे झाडांचे. शिकता शिकता तो शंभरात अठ्ठ्याण्णव बरोबर ओळखायला लागला. बाई जिन्यात गुणगुणायला लागल्या.

आठवी मुलाखत हवेतल्या परागकणांचा रोज इशारा देणाऱ्या कार्यालयात होती. शिंकऱ्या जनतेसाठी असतं असं एक कार्यालय. टेबलापलीकडे तिघं. त्यांनी आपल्याकडचे कणांचे वीस फोटो बाईंच्या संगणकाला दिले. तो म्हणाला, गवत. गवत. गवत. विसांपैकी वीस गवत!

"बाई, यातली बारा झाडं आहेत," साहेब म्हणाले. "याला चरायला सोडलंय का?"

भावाच्या दुकानातल्या खुर्च्या रांगेने डोळ्यांपुढे आल्या. तरी बाईंनी आपले जुने फोटो उघडले, साहेबांच्या फोटोंशेजारी लावले आणि बघत राहिल्या. मग कपाळावर हात मारला.

"चूक माझी आहे. गवत आणि झाडं मिसळू नयेत म्हणून सहा वर्षं मी गवताचे फोटो सकाळी काढले, झाडांचे दुपारी. सूक्ष्मदर्शक दिव्याचा नव्हे, आरशाचा; उजेड पूर्वेच्या खिडकीचा. सकाळचे फोटो लखलखीत, दुपारचे मळकट. याला कण कळलेच नाहीत. उजळ दिसलं की गवत! तुमचे सगळेच उजळ आहेत."

"मग अर्जातले ते अठ्ठ्याण्णव टक्के?"

"ते माझ्या शिस्तीचे गुण. याच्या हुशारीचे नव्हेत."

साहेब हसले. कडेच्या चष्मेवाल्या बाई मात्र हसल्या नाहीत. "आमचंही एक यंत्र दोन वर्षं इशारे देतंय," त्या म्हणाल्या. "ते काय बघून शिकलंय, हे आम्ही कधी विचारलंच नाही."

"त्याचे फोटो कुणी काढले? कधी? कुठल्या उजेडात?" कणबाईंनी विचारलं.

तिघांनी फायली उलटसुलट चाळल्या; नोंद कुठेच नव्हती. शेवटी साहेबच म्हणाले, "सोमवारपासून या आणि तुम्हीच शोधा."

सोमवारी दुपारी जेवण उरकून कणबाईंनी गवताच्या आणि झाडांच्या काचपट्ट्या एकाच ट्रेमध्ये ठेवल्या, पत्त्यांसारख्या पिसल्या, आणि हाताला लागेल ती पहिली फोटोसाठी उचलली.