वळवलेली नजर

शर्टांच्या कारखान्यात सगळ्या जणी तिला 'दुर्बीण' म्हणत. कॉलरच्या आतला एक टाका सुटलेला असला, तरी शर्ट तिच्या तपासणीच्या टेबलावरून मागे जायचा. शिवणाऱ्या कुरकुरायच्या, "बाई गं, घालणारा तरी बघणारे का तिथं?"

"म्हणूनच मी बघते," ती म्हणायची.

मुलगी दहा महिन्यांची झाली, तेव्हा धाकट्या भावाने आपल्या स्टुडिओत मायलेकींचे फोटो काढले. लहान मुलांच्या फोटोंत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. शिट्टी, खुळखुळा, मांजराचा आवाज. रडवं पोरही शेवटी बघायचंच. आईच्या डोळ्यांत बघणाऱ्या भाचीचा फोटो त्याने स्वतः येऊन भिंतीवर लावला.

पुढे शेजारीण म्हणाली, "हाक मारली तर वळत नाही गं ही." सासूबाई म्हणाल्या, "बोटही दाखवत नाही कशाकडं." ती दोघींना फोटोसमोर उभं करायची. "आणि हे काय मग?" विषय तिथेच मिटायचा.

मुलगी पंधरा महिन्यांची झाली, तेव्हा सासूबाईंनीच डॉक्टरांची वेळ घेतली. भाऊ तिघींना गाडीने घेऊन गेला. डॉक्टरबाई जमिनीवर बसून बराच वेळ मुलीशी खेळू पाहत होत्या; मुलगी खेळण्यातल्या मोटारीचं एकच चाक फिरवत राहिली.

"तुमच्या नजरेला नजर देते का?"

तिने मोबाइलवर तो भिंतीवरचा फोटो उघडला. भाऊ घसा खाकरून म्हणाला, "ताई, तो नको दाखवूस. बुबुळं मी सरकवलीत. कम्प्युटरवर."

"किती काढले होतेस?"

"शंभरच्या वर."

"एकाही फोटोत नाही?"

"नाही. तुझं तोंड उतरलं असतं गं. वाटलं, महिन्याभरात लागेल बघायला."

"आणि नाही लागली तेव्हा?"



"एका भेटीत मी काही ठरवत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण खेळातून शिकवायला उद्यापासूनच लागू. जितकं लवकर, तितकं बरं."

पाच महिने. केसाने गळा कापतात हे ती ऐकून होती. कापणारा हात इतका मायेचा असतो, हे नवं होतं.

"सगळे फोटो बाईंना पाठव," ती भावाला म्हणाली. "जसे निघाले तसे."

बाहेर त्याने गाडीचं दार उघडून धरलं. तिने मुलीला कडेवर सावरलं.

"चला आई," ती सासूबाईंना म्हणाली, "आपण बसने जाऊ."