चाचांचं यॉर्क

“उस लडकी को भेजके क्या फायदा, साब? उसका मुँह तो खुलताही नहीं.”

मी प्रिंटरपाशी उभी होते. मॅनेजरच्या केबिनचं दार नीट लागत नाही हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. आत बसलेल्या माणसाला मात्र ते नेमकं त्या वेळी आठवत नसे. आवाज चाचांचा होता. मॅनेजरनं विचारलं, मग यॉर्कची ती फाईल कुणी बनवली? चाचा म्हणाले, “मैंनेच. लडकीने सिर्फ टाइप किया.”

प्रिंटरमधून कुणाचं तरी तिकीट बाहेर येत होतं. मी ते हातात धरून उभी राहिले. कागद गरम होता, एवढंच आता आठवतं.

बहारीनच्या सीफमधल्या आमच्या ट्रॅव्हल ऑफिसात चाचा सगळ्यांत जुने. रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, पांढरी कातरलेली दाढी, खिशात नेहमी बडीशेप. मला ही नोकरी त्यांनीच लावली. माझे बाबा सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डर होते, तेव्हापासूनची त्यांची ओळख. दर शुक्रवारी चाचा आमच्या माहूजच्या फ्लॅटवर जेवायला यायचे आणि आईला सांगायचे, “वहिनी, आंबट कमी पडलाय हां,” आणि तिसऱ्यांदा आमटी घ्यायचे. माझ्याशी मराठीत बोलायचे. मी इंग्रजीत उत्तरं द्यायचे. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

त्यांची एक लकब तुम्हीही एका भेटीत टिपली असती. इथले लोक ‘तुमचं काम माझ्या डोळ्यांवर’ असं सांगताना डोळ्याखाली बोट टेकवतात. चाचांनी ते बोट उचललं होतं, अर्थ मात्र स्वतःचा घातला होता. गिऱ्हाईक समोर बसलं की डोळ्याखाली बोट टेकवून म्हणायचे, “माझ्या डोळ्यांनी बघितलंय.” मग ते व्हिएन्ना असो की व्हिएतनाम. खरं तर बहारीन आणि रत्नागिरी सोडून चाचांनी काहीही पाहिलेलं नव्हतं. पण ते असं सांगायचे की माणूस पासपोर्ट काढूनच उठायचा.

इंग्लंडमधलं हे यॉर्क त्यांना मी दिलं. एक कुटुंब तिथे जाऊन कंटाळून परत आलं होतं. “दोन तासांत संपलं गाव,” म्हणाले. मला ते पटेना. म्हणून मी वाचत गेले, नकाशे पाहत गेले, तिथल्या गेस्ट हाउसवाल्या बायकांना ईमेल करून बारीकसारीक प्रश्न विचारत गेले. शहराभोवतीच्या जुन्या तटावरून चालत जाता येतं. कुठल्या दरवाजापाशी चढलं की कॅथीड्रल सगळ्यात सुंदर दिसतं. संध्याकाळच्या प्रार्थनेला आत नुसतं बसून गाणं ऐकता येतं. एक गल्ली इतकी अरुंद की वरचे मजले एकमेकांकडे झुकलेत; ती खाटकांची गल्ली होती, मांस टांगायचे आकडे अजून तिथे आहेत. तटाच्या उतारावर पिवळी फुलं येतात. ‘फक्त वसंतात’ याखाली मी रेघ मारली होती.

गिऱ्हाइकासमोर मात्र माझी जीभ उचलत नसे. मग चाचांनीच तोड काढली. मी फाईल त्यांच्या कीबोर्डखाली सरकवायची आणि ते बोलायचे. “तुझे कागद, माझं तोंड. यल्ला, चल पार्टनर!” खाटकांच्या गल्लीपाशी ते हमखास सांगायचे, “आमच्या चिपळूणला आहे तश्शीच.” लोक हसायचे. मीही मान खाली घालून हसायचे. माझी वाक्यं त्यांच्या तोंडून ऐकताना मला खरंच आनंद व्हायचा. हे मुद्दाम सांगते, नाहीतर पुढचं तुम्हाला नीट कळणार नाही.

आमच्या धंद्यात फॅम ट्रिप म्हणून एक प्रकार असतो. ज्या गावाची तिकिटं आम्ही विकतो, तिथले लोकच आम्हाला बोलावतात. राहा, फिरा, म्हणजे नीट विकाल. त्या वर्षी यॉर्कसाठी आमच्या ऑफिसातून एकाच माणसाला बोलावणं आलं. मॅनेजर म्हणाला होता, ज्यानं फाईल केली तो जाईल. मी घरी कुणाला न सांगता एक जाड कोट पाहून ठेवला होता.

चाचा गेले.

जायच्या आदल्या दिवशी माझ्या टेबलाशी आले. नजर माझ्याकडे नव्हती, स्टेपलरकडे होती. “गो पोरी, तिथे पहिल्यांदा काय बघू?”

तेव्हा बोलायला हवं होतं. मी एक पान तयार केलं, त्यांना चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून अक्षरं मोठी केली, आणि चार घड्या घालून दिलं. घरी बाबा म्हणाले, “भाई विलायतेला चालले, आपलाच माणूस!” आईनं त्यांना लाडू बांधून दिले. मी डबा पुसून दिला.

नोव्हेंबर होता. आठवड्यानं परत आले ते लंगडतच. शुक्रवारी आमच्याकडे टॉफीचा डबा आणि कॅथीड्रलचं चित्र असलेला मॅग्नेट घेऊन आले. आईनं तो लगेच फ्रिजवर लावला. आई स्वयंपाकघरात गेल्यावर चाचा हळूच मला म्हणाले, “थंडी केवढी गो. गुडघे धरले. तटावर काही चढलो नाही. हॉटेलच्या खिडकीतनं दिसायचा थोडा.” मग खिशातून माझं पान काढून टेबलावर ठेवलं. चारही घड्या जशाच्या तशा कडक होत्या.

म्हणजे माझी जागा त्यांनी नेली आणि वापरलीही नाही. मला रागापेक्षा त्या न उघडलेल्या कागदाचं जास्त लागलं. आणि खरं सांगू का, त्याच क्षणी मला त्यांचे सुजलेले गुडघेही दिसले, आणि मी त्यांच्या पायाखाली उशी सरकवली.

सोमवारी एका जोडप्यासमोर चाचांनी डोळ्याखाली बोट टेकवलं. “माझ्या डोळ्यांनी बघितलंय. सगळा उतार पिवळ्या फुलांनी भरलेला.”

नोव्हेंबरमध्ये.

मी मान खाली घातली. या वेळी हसले नाही. फाईल मात्र त्यांच्या कीबोर्डखालीच राहिली. परत मागायचं माझं धाडस झालं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा व्हिसा संपला आणि ते कायमचे गावी गेले. निरोपाचा केक कापताना सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “ये मेरी बेटी है.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला तो हात झटकावासाही वाटला आणि तसाच राहावा असंही वाटलं. त्यांचं टेबल आवरायला मीच गेले. ड्रॉवरमध्ये बडीशेपेची पुडी आणि माझी फाईल होती. फाईलवर स्केचपेननं त्यांचं नाव होतं.

आता त्या खुर्चीवर मी बसते. गेल्या आठवड्यात एक काकू आल्या, पुण्याच्या, मुलाकडे राहायला आलेल्या. खुर्चीकडे पाहून म्हणाल्या, “ते चाचा कुठेत गं? मागच्या खेपेला त्यांनी यॉर्कचं इतकं सुरेख सांगितलं होतं! ती झुकलेली घरं, ते आकडे. अगदी डोळ्यांसमोर उभं केलं. आता जायचं ठरवलंय आम्ही. तू गेली आहेस का तिथे?”

माझं बोट आपोआप गालापर्यंत गेलं होतं. पलीकडच्या टेबलावरचे दोघे टायपिंग थांबवून बघत होते. केबिनचं दार नेहमीसारखं अर्धवट उघडं होतं.

मी बोट खाली घेतलं.

“नाही काकू, मी यॉर्क पाहिलेलं नाही,” मी म्हणाले, केबिनपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. “पण चाचांनी तुम्हाला जे सांगितलं ना, ते सगळं मी लिहिलं होतं.”