गाडीत अनवाणी

लिंबाजीमामा जीपमध्ये चढण्याआधी चपला काढायचे. घराच्या उंबऱ्याशी काढाव्यात तशा, दाराजवळ जमिनीवर, जोडीनं, अंगठे बाहेरच्या बाजूला करून ठेवायचे. खाली उतरलं की पाय सरळ चपलेत जावेत, ही त्यामागची सोय. गाडी तिथंच उभी राहणार असती तर सोय नामीच होती. पण मामा गाडी सुरू करायचे आणि आम्ही निघून जायचो. चपला मागं उभ्या.

परभणीत आमचं कालव्याचं ऑफिस होतं. मी तिथं कारकून आणि मामा जीपचे ड्रायव्हर. चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर सालची गोष्ट. मी तेव्हा तिशीतला, मामा पंचेचाळिशीच्या पुढचे. मूळचे पेडगावचे. येलदरीचं धरण बांधलं जात होतं तेव्हा मुरुमाच्या ट्रकवर गाडी शिकले आणि पुढं आमच्याकडं रोजंदारीवर लागले. उंच, काळेसावळे, दाढी रोज केलेली. सदऱ्याला इस्त्री नसली तरी चालायची, पण चपलांना रोज सकाळी पॉलिश झालंच पाहिजे. स्टेशन रोडच्या एका कारागिराकडून त्या माप देऊन करून घेतलेल्या. जाड तळ, तेल पाजलेलं कातडं, आणि चालताना अशी करकर वाजायची की साहेबांच्याही आधी मामा आल्याचं सगळ्या ऑफिसला कळावं.

गंमत पुढंच आहे. हा माणूस गाडीत अनवाणी बसायचा, पण जमिनीवर अनवाणी पाऊल टाकायचा नाही. जीपमधून विहिरीपर्यंत दहा पावलं जायची असली तरी चप्पल हवी. आणि चपला तर सात मैल मागं राहिलेल्या. मग आमच्या दौऱ्याचं काय व्हायचं ते विचारू नका. येलदरीला पोचलो की मामा सीटवर बसून राहायचे. “बाबूसाहेब, चपला पेडगावला ऱ्हायल्या वाटतं,” असं सांगायचे, जणू चपलाच मुक्कामाला थांबल्या आहेत. मग कुणाच्या तरी स्लिपर मागून आणायच्या, नाहीतर मामांचा डबा गाडीत नेऊन द्यायचा. गावोगावच्या लोकांना हे माहीत झालं होतं. रस्त्याच्या कडेला एकटा चपलांचा जोड दिसला की पोरंसोरंसुद्धा ओळखायची. एस.टी.च्या कंडक्टरबरोबर चपला परभणीला यायच्या. साहेब अचानक तपासणीला निघाले तरी ती अचानक राहायची नाही, कारण आदल्या गावात चपला बघून लोकांनी पुढं निरोप धाडलेला असायचा.

मी एकदा वैतागून म्हटलं, मामा, गाडीत ठेवत जा ना त्या, सीटखाली. मामांचा चेहराच बदलला. धरणावर असताना एका ड्रायव्हरनं चपला काढून अशाच पायाशी ठेवल्या होत्या. उतारावर एक चप्पल सरकत सरकत ब्रेकखाली गेली. ट्रक खाली गेला तो गेलाच. त्या माणसाला वर काढायला मामा स्वतः उतरले होते. मागच्या बाजूला ठेवा म्हटलं तर म्हणाले, उतारावर मागचं सगळं पुढंच येतं. पिशवीत घालून अडकवा म्हटलं तर म्हणाले, चपला लटकवून हिंडायला मी काय दुकान लावलंय?

मग पायात घालूनच चालवा, हा शेवटचा उपाय. त्यावर मामांचं पूर्ण शास्त्र तयार होतं. स्लिपर ओली झाली की ब्रेक एकीकडं अन् पाय एकीकडं. सँडलचा पट्टा ऐनवेळी तुटतो, त्याचं इमान नाही. आणि बुटांचं तर नावच काढू नका.

“बूट घालून गाडी चालवायची म्हंजे हातमोजे घालून भाकर थापायची,” ते म्हणायचे. “गाडी तळपायाला सांगायली असती, मला काय व्हायलंय ते. बुटाला काय कळतंय?”

आम्ही हसायचो. पण एकदा पेडगावच्या रस्त्यावर चांगल्या चालत्या गाडीला त्यांनी ब्रेक लावला आणि म्हणाले, डाव्या पायाला काहीतरी लागायलंय. मला काही आवाज आला नाही, साहेबांनाही नाही. खाली वाकून बघितलं तर क्लचजवळचा एक बोल्ट शेवटच्या आट्यावर लोंबत होता. उन्हाळ्यात पेडलं तापायची, तेव्हा मामा निघण्याआधी तांब्याभर पाणी त्यांच्यावर ओतायचे. मी म्हणायचो, यापेक्षा चप्पल सोपी नाही का? ते म्हणायचे, तुमची बायको तव्यावर पाणी मारून बघती का चप्पल?

असं सगळं सुखात चाललं असताना मामांना कायम करायचा प्रस्ताव वर गेला. पंधरा वर्षं रोजंदारी झाली होती. वयाची अट जवळ आलेली, या खेपेला राहिलं की कायमचं राहिलं. ती फाइल माझ्याकडं होती. आठ महिने मी तिच्यामागं धावलो. कागद कमी पडले तिथं कागद जोडले, सह्या राहिल्या तिथं साहेबांच्या घरी जाऊन सह्या घेतल्या. शेवटी वरून उत्तर आलं की औरंगाबादचे मोठे साहेब येऊन ड्रायव्हरची चाचणी घेतील. गाडी चालवणं, तेलपाणी तपासणं, आणि गणवेश. गणवेशात बूट.

बूट आले. एक नंबर मोठे होते. सरकारी मापाचा पाय मामांना नव्हता, त्याला मी काय करणार? चार दिवस आधी मी त्यांना बूट घालायला लावून ऑफिसच्या आवारातच गाडी चालवायला सांगितली. जीप आधी उडी मारून थांबली, मग थांबता थांबता पुन्हा उडाली आणि पाण्याच्या रांजणाला जाऊन टेकली. रांजण गेला. मामा खाली उतरून माझ्याकडं बघत राहिले. तो कोरा करकरीत रांजण मीच आणवलेला होता, त्यामुळं मी काय बोललो ते इथं लिहीत नाही. पण शेवटी हात जोडून सांगितलं, मामा, एक दिवस. एकच दिवस पाय बुटात ठेवा, मग जन्मभर अनवाणी चालवा. त्यांनी मान हलवली. पोराचं शिक्षण चालू होतं, मिलिंदचं. त्यांनाही नोकरीची गरज कळत होतीच की.

चाचणीच्या दिवशी मामा बूट चकचकीत करून, पायात घालूनच आले. मोठे साहेब जाडजूड, पाठदुखीनं बेजार, जीपमध्ये बसतानाच कण्हले. पिंगळी स्टेशनपर्यंत जायचं ठरलं. मी फाइल घेऊन मागं बसलो. मामा चढले, गाडी सुरू झाली, आणि काय सांगू, लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. गिअर कधी बदलला कळेना. खड्डे होते तिथंच होते, पण आम्हाला लागले नाहीत. मी मनात म्हटलं, चार दिवसांत मामांनी बुटाला वश केलं! दोन मैलांवर साहेबांची मान कलली आणि ते झोपले. मग मला शंका आली. इतकी मऊ गाडी बुटानं? पुढं वाकून बघितलं. पेडलवर पाचही बोटं पसरून पाय अगदी मजेत बसला होता.

ऑफिसच्या आवारात लिंबाखाली बूट काढून ठेवून हा माणूस गाडीत चढला होता, पंधरा वर्षांच्या सवयीनं. बूट मोठे, त्यामुळं नाडी सोडायचीही गरज पडली नव्हती. त्यांना स्वतःलाही पत्ता नव्हता. मी त्यांच्या खांद्याला बोट लावून खाली खुणावलं. त्यांनी खाली बघितलं आणि पुन्हा समोर बघितलं. गाडी मात्र पुढंही तशीच चालली.

पिंगळीला स्टेशनसमोर दहा-बारा माणसं जमली होती. साहेब जागे झाले, भलतेच खूश. म्हणाले, जीपमध्ये झोप लागली असं नोकरीत पहिल्यांदा झालं. मग खाली उतरून म्हणाले, चला ड्रायव्हर, बॉनेट उघडा, तेलपाणी दाखवा.

मामा बसून राहिले.

साहेबांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज चढला, ऐकू येत नाही का म्हणून. मामा म्हणाले, “ऐकायलोय, सायेब. पायात काही न्हाई.”

साहेबांनी वाकून बघितलं. बूट कुठं आहेत विचारलं. मामांनी खरं सांगितलं, ऑफिसात, लिंबाखाली. जमलेली माणसं हसायला लागली. साहेबांना राग येत होता की हसू, ते मला कळेना. पण माणूस वाईट नव्हता. म्हणाले, असू दे, असेच उतरा, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि इथं मामा अडले. स्टिअरिंगवरचे हात न काढता, आवाज न चढवता म्हणाले, “सायेब, माजा बाप गावातून जाताना चपला हातात घिऊन जायचा. दुसऱ्याच्या दारावरून जायचं म्हणून. गाडीत मी माज्या मर्जीनं काढतो. खाली लोकांच्या म्होरं अनवाणी उभा ऱ्हाणार न्हाई. नौकरी ऱ्हावो, न ऱ्हावो.”

साहेब रुमालानं मान पुसत उभे राहिले. पंधरा वर्षं आम्ही या माणसाच्या चपलांवर हसत होतो आणि एकानंही विचारलं नव्हतं की मामा, जमिनीवर का नाही? मी त्यांच्या शेजारी बसून त्यांच्याच डब्यातली भाजी खाल्लेली, मीही नाही. मला लाज वाटली. पण खोटं कशाला सांगू, त्याहून जास्त माझी आठ महिन्यांची फाइल डोळ्यांसमोर आली. मी चिडून खाली उतरलो, माझ्या चपला काढल्या आणि जीपच्या दाराशी, अंगठे बाहेर करून, जोडीनं ठेवल्या. म्हटलं, उतरा आता.

मामांनी चपलांकडं बघितलं. त्यांतसुद्धा खोड काढलीच.

“डावी टाच लय झिजलीय, बाबूसाहेब. तुमी तिरके चालायलाव.”

मग उतरले. त्यांच्या टाचा दोन बोटं बाहेर राहत होत्या. बॉनेट उघडलं, तेल दाखवलं, पाणी दाखवलं, पंख्याचा पट्टा दाखवला. मी एप्रिलच्या मातीवर एकदा हा पाय, एकदा तो पाय करत जीपच्या सावलीत उभा. साहेबांनी सगळं बघितलं आणि मला फाइल उघडायला सांगितली. गाडी चालवणं, उत्तम. तेलपाणी, उत्तम. गणवेशाच्या रकान्याशी ते थांबले.

“लिहा,” साहेब म्हणाले, “बूट आहेत.”

आहेत हे खरंच होतं. लिंबाखाली होते.

परत आलो तर लिंबाखाली एकच बूट होता. दुसरा कुत्र्यानं नेला. मामा सीटवरून उतरेनात, म्हणून म्हटलं, माझ्याच चपला घालून घरी जा. ते गेले आणि मी भर दुपारी अनवाणी घराकडं निघालो. डांबर नुसतं पोळत होतं. वाटेत तिघांनी थांबवून गंभीर तोंडानं विचारलं, कोण गेलं हो? तिसऱ्यावर मी खेकसलो. घरी बायकोनं पाय बघितले आणि एक शब्द न विचारता मला दारातच थांबवून आंघोळीचं पाणी अंगणात आणून ठेवलं. कोणी मेलेलं नाही, असं मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारी बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी मामांनी चपला परत दिल्या. पॉलिश केलेल्या, डावी टाच नवी बसवलेली. दोन महिन्यांनी कायमचा हुकूम आला. उरलेला एक बूट मामा गाडीतल्या हत्यारांच्या पेटीत बंद करून ठेवायचे आणि चढावर गाडी उभी केली की चाकामागं लावायचे. सरकारी बूट एकदाचा कामाला लागला म्हणायचे.

त्यानंतर तीनच वर्षांनी मामा गेले. सकाळी चपलांना पॉलिश करता करता छातीत कळ आली. पेडगावला न्यायचं ठरलं, ऑफिसनं त्यांचीच जीप दिली. मिलिंदनं वडिलांच्या पायांत चपला घातल्या होत्या. बाबा जमिनीवर कधी अनवाणी गेले नाहीत, म्हणाला. मग आम्ही त्यांना उचलून जीपमध्ये ठेवायला लागलो, तेव्हा त्यानंच त्या हळूच काढल्या. गाडीत बाबा घालत नव्हते. दाराशी जमिनीवर ठेवल्या, आणि आम्ही निघालो.

पेडगावला खाली उतरवताना मिलिंद इकडंतिकडं बघायला लागला आणि मग मटकन खाली बसला. चपला परभणीला, दाराशी राहिल्या होत्या. सकाळपासून न रडलेला पोरगा तिथं ओक्साबोक्शी रडला. आणि मी, काय सांगू, रडता रडता हसलो. मग वाकून माझ्या काढल्या. त्याच त्या, डावी टाच बदललेल्या. मामांच्या पायांत घातल्या. टाचा दोन बोटं बाहेर राहत होत्या. तशाच राहू दिल्या.

संध्याकाळी घरी आलो तो आपण होऊन दारातच थांबलो. बायकोनं पाणी आणून ठेवलं आणि माझ्या पायांकडं बघून विचारलं, चपला कुठं विसरलात?

“विसरलो नाही,” मी म्हटलं. “लिंबाजीमामांना दिल्या.”