माझा विषय अमेरिकेतल्या शाळा

मी गुडघ्यांवर बसले होते. इंग्लंडमधल्या युनिव्हर्सिटीच्या दर्शनी हॉलमध्ये, थंड फरशीवर, चिमटीत गुलाबी रांगोळी. आजूबाजूला पाहुण्यांचे बूट. बूट थांबायचे, "लव्हली" म्हणायचे, पुढे जायचे.

त्या दुपारी आमच्या विभागात पीएचडीवाल्यांची पोस्टर्स लागणार होती. माझंही होतं. अमेरिकेतल्या शाळांत चित्रकला कशी आली, त्याचा इतिहास. आठ महिने खपले होते त्यावर. ते गुंडाळलेलं, कोटांच्या ढिगाखाली पडलं होतं. माझ्या सुपरवायझर बाई गोड हसून म्हणाल्या होत्या, "ते जरा रुक्ष आहे. पाहुण्यांना तुमच्या परंपरेतलं काही दाखवा ना."

'तुमच्या' म्हणजे आम्हा दोघींच्या. दुसरी पीएचडीवाली पुण्याची, माझ्याच वयाची. तिने रंगांचे डबे माझ्याकडे सरकवले आणि मराठीत म्हणाली, "तू काढ ना गं. तुला सवय असेल खाली बसायची."

पहिल्याच दिवशी तिने माझं आडनाव दोनदा विचारलं होतं.

आणि मी बसले. त्याची लाज मला अजून वाटते. ती वाइनचा ग्लास धरून पाहुण्यांना रांगोळीचं महत्त्व समजावत होती. मी खाली रेघा ओढत होते.

अर्धं कमळ झालं आणि माझ्याच पोस्टरवरचा मजकूर आठवला. अमेरिकेत ड्रॉइंग शाळेत शिरलं ते कारखान्यांच्या सोयीसाठी. मालकांना नक्षी काढणारे हात हवे होते. म्हणून पोरांना सरळ रेघा, चौकोन, घन. पुढे वर्गाच्या भिंतींवर थोर चित्रांच्या छापील प्रती लागल्या. मग कुणी म्हणालं, मुलांना मनातलं काढू द्या. पण काळ्या मुलांच्या कितीतरी शाळांत हातकामच चालू राहिलं. त्यांच्या मनात काय आहे, हे विचारायला कोण जातंय?

मलाही कुठे विचारलं होतं? नागपूरला शाळेत असताना इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत मला ए ग्रेड मिळाली. सर म्हणाले, "हात छान आहे. बोर्ड रंगवायचं काम मिळेल." शेजारच्या मुलीला बी ग्रेड होती. तिला त्यांनी आर्ट कॉलेजचा फॉर्म आणून दिला. मी हसून "हो सर" म्हटलं होतं.

उठले. हात जीन्सला पुसले. कोटांखालून पोस्टर काढलं, बोर्डावर चारी कोपरे पिनांनी ठोकले आणि शेजारी उभी राहिले.

बाई लगबगीने आल्या. "पण रांगोळी अर्धीच राहिली!"

"माझा विषय अमेरिकेतल्या शाळा आहे." आवाज चिरकला माझा. चिरकू दे.

तासभर उभी होते. एकही माणूस थांबला नाही.

मी मिल्टन कीन्सला राहते. पायी चालणाऱ्यांसाठी इथे लाल रस्ते केलेत, रेडवे म्हणतात. सगळे गाडीने जातात. त्या दिवशी रेडवेवर मी एकटी. आईचा फोन आला. "काऊन वं, आवाज असा काऊन येऊन राहिला?" सर्दी झाली म्हटलं. फोन ठेवला आणि रस्त्यातच रडले. त्या अख्ख्या इमारतीत माझी भाषा बोलणारी एकच होती. तिने ती भाषा कशासाठी वापरली!

सोमवारी बाईंनी एक फॉर्म पुढे केला. विषयाच्या जागी टाइप केलेलं: रांगोळी आणि स्थलांतरित स्त्रिया. "हे तुमचं स्वतःचं आहे. अमेरिकेवर लिहिणारे पुष्कळ आहेत."

मी ते खोडलं. माझा विषय लिहिला. सही केली.

"मग मी तुमची सुपरवायझर राहू शकेन असं वाटत नाही."

"ठीक आहे," म्हटलं.

सहा आठवड्यांत दुसरं कुणी मिळालं नाही तर पीएचडीची जागा जाईल. जागेबरोबर व्हिसा. पाच जणांना लिहिलंय, एकाचंही उत्तर नाही. तरी रोज नऊला लायब्ररीत बसते. तिसरं प्रकरण चालू आहे.

आमच्यावर तुम्ही गोऱ्यांनी पुस्तकांमागून पुस्तकं लिहिलीत, आम्हाला न विचारता. आता तुमच्या शाळांवर मी लिहिणार आहे. तुम्हाला विचारणार नाही.