बूट चावला नव्हता

माझ्या उजव्या पायाविषयी हर्सूल तलावावर फिरायला येणाऱ्या मंडळींत सध्या दोन कथा प्रचलित आहेत, आणि दोन्ही खोट्या आहेत. पहिली माझ्या पत्नीची. तिच्या मते म्हातारपणी हौस म्हणून मी लाकडासारखे कडक बूट विकत आणले आणि ते मला चावले. दुसरी माझ्या सोबत्याची. ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत, त्यांना आम्ही गुरुजी म्हणतो. त्यांच्या कथेत मी रक्ताने भरलेल्या बुटात दोन तास डोंगर उतरलो आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. पहिल्या कथेत माझ्या निवडीचा अपमान आहे, दुसरीत माझा गौरव. अपमानाचा प्रतिवाद मी त्याच दिवशी केला. गौरवाचा करायला मला चार महिने लागले, आणि या दिरंगाईला विनय म्हणण्याचे कारण नाही.

आधी बुटांविषयी. नोकरीची सगळी वर्षे मी भूकरमापक होतो. कन्नड आणि सोयगावच्या डोंगरकडेची शेते मी साखळी टाकून मोजली आहेत, तीही साध्या चपलांवर. त्यामुळे डोंगरात पायाला काय लागते हे मला दुसऱ्याने शिकवायची गरज नाही. आमचा डोंगर काळ्या दगडाचा आहे आणि उतारावर सुटे खडे असतात. मऊ तळाचा बूट प्रत्येक खड्यावर वाकतो, आणि जे काम बुटाने करायचे ते तळपायाला करावे लागते. तळ कडक हवा. बूट टाचेला आणि चवड्याला धरून पिळला तर पिळला जाता कामा नये. घोट्याला आधार हवा, टाच आत उचलली जाऊ नये आणि बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा मोकळी राहावी. कडक बूट त्रास देतो हा लोकांचा गैरसमज आहे. मापाचा कडक बूट मऊ बुटापेक्षा सुखाचा असतो.

हे सगळे पाळून मी पैठण गेटजवळच्या एका दुकानात गेलो. मुद्दाम संध्याकाळी गेलो, कारण दिवसभरात पाय सुजतात आणि सकाळी बेतलेला बूट संध्याकाळी आवळतो. जाड लोकरीचे मोजेही घरून नेले होते. दुकानदाराने वरच्या फळीवरून एक खोके काढले. त्यावर बर्फाच्या डोंगरात बंदूक घेऊन उभ्या असलेल्या परदेशी माणसाचे चित्र होते.

"चचा, ये पहाड में शिकार खेलनेवालों के बूटां हैं," तो म्हणाला. "अपने इधर कोई लेताच नहीं. आप किस का शिकार करते?"

"मैं सिर्फ चलता हूं."

"अच्छा है. जानवर भी खुश, पुलिस भी खुश."

मी बूट पिळून पाहिला. तो पिळला गेला नाही. शिवण, नाडीचे हूक, जीभ, सगळे तपासले. दुकानदाराने माझ्या पायाकडे नुसते पाहून आठ नंबर पुढे केला. मी तो घातला, नाडी बांधली, उभा राहिलो आणि घाबरलो.

पाय बुटात आहे की नाही, ते मला कळेना. म्हणजे दिसत होते, पण जाणवत नव्हते. खाली पाहिले की पाय आहे, नजर उचलली की नाही.

हे अचानक घडलेले नव्हते. मला अठरा वर्षे मधुमेह आहे. बूट घ्यायच्या आधी वर्षभर अनवाणी चालतानाही पायात मोजे असल्यासारखे वाटत होते. एकदा भाजी घेऊन घरी आलो तर दारात पत्नी म्हणाली, "अहो, दुसरी चप्पल कुठंय?" मी खाली पाहिले. एकाच पायात चप्पल होती. पट्टा तुटला म्हणून टाकून दिली, असे मी तिला सांगितले, आणि ती स्वयंपाकघरात गेल्यावर मागे फिरलो. चप्पल चौथ्या घरासमोर रस्त्याच्या मधोमध पडली होती, पट्टा शाबूत. तिथून घरापर्यंत मी एक पाय अनवाणी ठेवून आलो होतो आणि मला पत्ता नव्हता. ती चप्पल मी कचऱ्यात टाकली, म्हणजे माझे म्हणणे खरे ठरले. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

"सात नंबर दिखाओ," मी दुकानदाराला म्हणालो.

"सात नक्को चचा. आठ लेव. उमर के साथ पांव फैलता."

"पन्नास साल से सात पहनता हूं."

सात नंबर घातला आणि जिवात जीव आला. चारी बाजूंनी कोणीतरी घट्ट धरल्यासारखा पाय जाणवला. दुकानासमोर दुचाकी चढवण्यासाठी सिमेंटचा उतार केलेला होता, त्यावरून मी तीनदा उतरलो. बोटे पुढे टेकतात का? मला तरी टेकलेली वाटली नाहीत. दुकानदाराने विचारले, "आराम है?" मी म्हणालो, "एकदम." ते खरेच होते. त्या क्षणी मला आराम याच गोष्टीचा होता की पाय अजून माझा आहे.

एवढ्याच जागी मी चुकलो. नोकरीत असताना शेतकरी बांधावर उभा राहून शपथ घ्यायचा, "साहेब, माझी हद्द त्या लिंबाच्या झाडापर्यंत हाय," आणि मी त्याच्या शपथेकडे दुर्लक्ष करून साखळी टाकायचो. साक्षीवर मी कधीही नकाशा केला नाही. बुटाच्या वेळी मात्र मी माप घेतले नाही. पायाची साक्ष घेतली, आणि साक्षीदार बधिर होता.

बूट सरावाशिवाय डोंगरात घातले, असाही एक आरोप आहे. तोही खोटा. दिवाळीपूर्वी दहा दिवस मी ते तलावाच्या काठावर रोज घातले. सपाट वाटेवर काहीच झाले नाही. दिवाळी झाल्यावर गुरुजी आणि मी पहाटेच्या एसटीने कन्नडला आणि तिथून जीपने डोंगराच्या पायथ्याच्या गावी गेलो. चढताना मी गुरुजींच्या पुढे होतो. ते सोयगावकडचे, डोंगरात जन्मलेले, त्यांना हे आवडले नाही.

"साहेब, बूट चालतोय का तुम्ही चालताय?" ते मागून म्हणाले.

"बूट तुम्हालाही मिळतो विकत. पाय मिळत नाही."

आज हे वाक्य आठवले की लाज वाटते.

उतरताना वाट सरळ खाली गेलेली होती. प्रत्येक पावलाला पाय बुटात पुढे सरकत असणार आणि अंगठा कडक टोकावर आदळत असणार. मी 'असणार' म्हणतो, कारण मला त्यातले काही कळले नाही. गवत पिवळे होते, ऊन चांगले होते, मी गुरुजींना एका जुन्या हद्दीच्या तंट्याची हकीकत सांगत होतो. गावातल्या हापशावर पाय धुवायला बसलो आणि उजवा बूट काढला. मोजा ओला होता. मला वाटले, घाम.

"साहेब," गुरुजी म्हणाले, "ते रगात हाय."

मोजा काढला. अंगठ्याचे नख मोज्याबरोबर निघाले. शेजारच्या बोटाची कातडी सोललेली होती आणि त्याखालचे मांस तांबडे नव्हते, काळपट होते. हापशावर पाणी भरणारी एक बाई तोंडाला पदर लावून मागे सरली. मी त्या बोटाला हात लावला. हाताला बोट कळले. बोटाला हात कळला नाही.

"दोन तास अशा पायानं आलात?" गुरुजी म्हणाले. "हूं नाय की चूं नाय. लई कडक माणूस हाय राव तुम्ही."

मी काही बोललो नाही. त्या गप्प राहण्यातून गुरुजींची कथा जन्मली. तलावावर त्यांनी ती सांगितली तेव्हा मंडळींनी टाळ्या वाजवल्या, आणि मी त्या घेतल्या.

पायांचे डॉक्टर तरुण होते. त्यांच्याकडे प्रतीक्षा करताना शेजारी माझ्याच वयाचा एक गृहस्थ बसला होता. त्याच्या पायजम्याचा एक पाय गुडघ्याखाली दुमडून पिनेने टाचलेला होता. त्याने माझ्या पट्टीकडे पाहिले.

"बोट का?"

"नुसतं नख गेलंय."

"माझंबी नखापासनंच निघालं व्हतं," तो म्हणाला, आणि अगदी सहज पान खायला बाहेर निघून गेला, कुबडी टेकत.

आत परिचारिकेने माझे डोळे मिटायला सांगितले. नायलॉनच्या धाग्यासारखी एक काडी ती तळपायाला ठिकठिकाणी टेकवणार होती आणि कळले की मी 'हो' म्हणायचे होते. ती पुढे वाकली की तिचे स्टूल करकरत होते. मी प्रत्येक करकरीला 'हो' म्हणालो. दहापैकी नऊ बरोबर आले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने परीक्षेत कॉपी करावी, आणि तेही स्वतःच्याच पायाच्या परीक्षेत, हे मला आज लिहितानाही नीट समजत नाही. तेव्हा मात्र मला बाहेरचा तो दुमडलेला पायजमा दिसत होता, आणि 'हो' म्हटले की तो थोडा दूर जात होता.

डॉक्टरांनी कागद पाहिला, जखम पाहिली आणि ते स्वतः पायांशी उभे राहिले.

"काका, पुन्हा एकदा. डोळे मिटा."

खोली शांत होती. मी अंदाजाने म्हणालो, "हो." थोड्या वेळाने पुन्हा म्हणालो, "हो."

"काका," ते हळूच म्हणाले, "मी अजून टेकवलंच नाही."

मी डोळे उघडले नाहीत. उघडले तर त्यांच्याकडे पाहावे लागले असते. त्यानंतर त्यांनी कुठे कुठे टेकवले मला माहीत नाही. मी गप्प होतो, आणि तो गप्पपणा हेच खरे उत्तर होते.

जखम हाडापर्यंत पोहोचली आहे का, हे दुसऱ्या दिवशी एक्स-रेत कळणार होते. पोहोचली असेल तर बोट काढायचे. तो एक दिवस मी कसा काढला त्याचे वर्णन करणार नाही. पत्नी बुटांना शिव्या देत होती आणि मी प्रथमच तिला अडवले नाही. हाड वाचले होते. जखम भरायला मात्र संक्रांत उलटली.

त्या काळात डॉक्टरांनी बूट निवडायची माझ्यासारख्यांची रीत सांगितली. संध्याकाळी पुठ्ठ्यावर उभे राहायचे, पेन्सिलीने पायाची कड काढायची, ते माप कापून बुटात सरकवायचे. मुडपले तर बूट लहान. पायाला विचारायचेच नाही. घरी येऊन मी ते केले. आखणी करताना हात स्थिर होता, ते काम माझे आहे. पुठ्ठा सात नंबरच्या बुटात सरकवला. तो दोन्ही कडांनी वर वळला आणि टोकाशी चुरगळला. आठ नंबरचा रुंद बूट मागवला, तसाच कडक तळाचा. त्यात पुठ्ठा सपाट बसला. तो घालून उभा राहिलो तेव्हा पाय कुठेच नव्हता. डॉक्टर म्हणाले, आता असेच वाटणार.

आणखी एक आज्ञा होती, रोज तळपाय पाहायचे. माझी कंबर तेवढी वाकत नाही, म्हणून दिवेलागणीला पत्नी खाली पाटावर बसते, माझा पाय मांडीवर घेते आणि मोबाइलच्या उजेडात बोटांच्या बेचक्यांपासून टाचेपर्यंत पाहते. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत बसतो. आयुष्यभर मी तिचे एकही विधान तपासल्याशिवाय मान्य केले नाही. आता ती "काही नाही" म्हणाली की ते मान्य करण्यावाचून मला इलाज नाही.

उद्या गुरुजींबरोबर नव्या बुटांत पहिल्यांदा डोंगरात जायचे होते. आज ती टाचेपाशी थांबली.

"काय आहे?"

"थांबा हो."

"मग सांग ना काय आहे ते."

"काळा ठिपका आहे. तीळ आहे का तुमचा इथं?"

"मला काय माहीत?"

"मग मला काय माहीत? पाय तुमचा."

तिने ओले बोट फिरवले. ठिपका गेला नाही. तिने दाबले असावे, कारण तिने विचारले, "दुखतं?" आणि विचारून झाल्यावर तिलाच त्या प्रश्नाचा अर्थ लक्षात आला. ती बुटांना काही बोलली नाही.

मी गुरुजींना फोन केला.

"उद्या येत नाही."

"का वो? नवे बूट दाखवायचे व्हते ना?"

"गुरुजी, त्या दिवशी मी सोसलं नव्हतं. मला दुखलंच नव्हतं. पायाला कळत नाही."



"कवापासून?"

"आधीपासून."

"आन् मी साऱ्या तलावाला सांगत फिरलो."

"आता हेही सांगा."

"मी नाय सांगणार," गुरुजी म्हणाले. "माझ्यानं सांगवणार नाय. तुम्हीच काय ते लिहा."

म्हणून लिहिले. पत्नीने ठिपक्याभोवती पेनाने एक वर्तुळ काढून ठेवले आहे, सकाळपर्यंत तो वाढला तर कळावे म्हणून. मोजा घालू नका, असे ती म्हणाली आहे, आणि मी घातलेला नाही.