आता तू बघ

खड्डेकर हे काही त्यांचं आडनाव नव्हे. उभी हयात गाड्यांखालच्या खड्ड्यात गेली म्हणून बसडेपोतल्या टवाळ मंडळींनी बहाल केलेलं नाव. डोक्यावर बस, हातात पाना आणि मानेत कायमची कळ. लोक मान वर करतात तेव्हा त्यांना आभाळ दिसतं, खड्डेकरांना एकतीस वर्षं ग्रीसने माखलेली ब्रेकची दांडी दिसली. असा माणूस नास्तिक झाला यात नवल ते काय, असं कोणी म्हणेल. साफ चूक. खड्डेकर पक्के देवभोळे होते.

काम संपलं की ते दांडीवर हात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "आता तू बघ." एवढीच प्रार्थना. डेपोचा नियम असा, की ब्रेकचं काम एकाने केलं की दुसऱ्याने खाली उतरून तपासायचं. पण खड्डेकरांचा हात इतका नावाजलेला, की त्यांचा जोडीदार वरूनच डोकावून म्हणायचा, "वर सांगून झालंय ना तुझं? मग मी कशाला मान मोडून घेऊ?" दोघंही हसायचे.

त्या दुपारी खड्डेकरांनी ब्रेकच्या दांडीत पिन घातली. बोटाएवढी पिन, पण तिचे दोन पाय पक्कडीने फाकवल्याशिवाय तिचा काही भरवसा नसतो. पाय फाकवायचे तेवढे राहिले आणि ऑफिसातून हाक आली. घरून फोन होता, बायको बाथरूममध्ये घसरून पडली होती. खड्डेकर धडपडत वर आले, जोडीदाराजवळून जाताना म्हणाले, "आता तू बघ," आणि पळत सुटले.

जोडीदाराला वाटलं, देवाला म्हणतोय. त्याने गाडी सोडून दिली.

उतारावर पिन पडली, ब्रेक गेले. ड्रायव्हरने बस एका गोदामाच्या भिंतीवर घातली. एकोणीस प्रवाशांचं खरचटण्यावर निभावलं. ड्रायव्हरचा एक पाय गुडघ्यापासून गेला.

"तुला सांगून गेलो होतो ना रे," खड्डेकर दुसऱ्या दिवशी म्हणाले.

"माझ्या तोंडाकडे बघून सांगितलंस का?" जोडीदार रडवेला झाला होता. "रोज त्याला म्हणतोस. आज माझी पाळी आहे हे मला कसं कळणार?"

खड्डेकरांनी फोरमनला सगळं जसंच्या तसं सांगितलं. फोरमनने ऐकून घेतलं आणि खिडकी लावली. "प्रवासी वाचले ही देवाची कृपा. पाय गेला ही देवाची मर्जी. तू कशाला मध्ये पडतोस?" चौकशीच्या कागदावर 'भाग जुना होता' असं लिहिलं गेलं. घरी बायकोने प्लास्टरातला हात सांभाळत हेच म्हटलं, "त्याच्या मनात होतं ते झालं. जिवाला लावून घेऊ नका."

सगळ्यांनी सोडून दिलं, आणि तिथेच खड्डेकरांचा जीव गुदमरला. आपली चूक इतक्या सहज देवाच्या नावावर चढते? तो असेल तर त्याला हे चालतं कसं? आणि चालत असेल, तर असल्या देवाचं करायचं काय?

विश्वास एका दिवसात उडाला नाही. गळक्या टाकीतल्या पाण्यासारखा हळूहळू उतरला. आधी ते तीन शब्द बंद झाले, मग डोळे मिटणं. पुढे ते जोडीदाराला ओढून खड्ड्यात उतरवायचे. "ही पिन. हे पाय. बघितलंस? तोंडाने बोल, बघितलं म्हणून."

"बघितलं, बाबा, बघितलं. तुझ्यापेक्षा देव परवडला," जोडीदार करवादायचा.

नास्तिक झाल्यावर हलकं वाटतं असं कोणी सांगत असेल, तर त्याने ब्रेकचं काम केलेलं नसावं. खड्डेकर दमून गेले. पूर्वी निम्मं ओझं वर ढकलता येत होतं, आता सगळं आपल्याच खांद्यावर. जेवतानाही मनात पिना मोजायचे.

"देव मानत नाही म्हणता, मग एवढं भ्यायचं कुणाला?" बायको विचारायची.

"भीत नाही गं. गाडीत माणसं बसतात."

एक काम मात्र सात वर्षं राहिलं. ड्रायव्हरला खरं सांगणं. कितीदा फळं घेऊन गेले आणि हवापाण्याच्या गप्पा मारून परत आले. खड्डेकर निवृत्त झाले, त्या निरोपाच्या दिवशी ड्रायव्हर कुबड्या टेकत डेपोत आला आणि चार शब्द बोलायला उभा राहिला. "देवाने एक पाय घेतला आणि एकोणीस माणसं दिली. नाहीतर यांच्या हाताखालून गेलेली गाडी कधी दगा देते का?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. खड्डेकरांना मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते त्याच्या घरी गेले. ड्रायव्हर खिडकीपाशी दाढी करत होता. खड्डेकर स्टुलावर बसले आणि पाणीसुद्धा न घेता सांगून मोकळे झाले. पिन, फोन, ते तीन शब्द. "देवाचा काही संबंध नव्हता. मी होतो."

ड्रायव्हरच्या अर्ध्या गालावर साबण तसाच वाळत राहिला. मग तो म्हणाला, "चालता हो."

खड्डेकर उठले. दारात चप्पल शोधत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"मग ती एकोणीस माणसं कोणी वाचवली?"

"तू," खड्डेकर वळून म्हणाले. "तिथे दुसरं होतं कोण? स्टीअरिंग तुझ्याच हातात होतं."

ड्रायव्हरने आरशाकडे पाहिलं. मग वस्तरा खाली ठेवला.

"एकीकडे शाळा सुटली होती," तो म्हणाला. "दुसरीकडे भिंत. भिंतीवर माझीच बाजू आपटणार हे दिसत होतं मला. दिसत असून वळवलं." त्याने गालावरचा साबण पुसला. "सात वर्षांत कोणी विचारलं नाही रे. जो तो देवाचे आभार मानून गेला."

खड्डेकर एका पायात चप्पल घालून तसेच उभे राहिले.

"तुला माफ केलेलं नाही," ड्रायव्हर म्हणाला.

"नको करूस."

"बस मग. पहिल्यापासून सांगतो."