आधी सुई, मग पाणी

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे दिवस. रविवारची सकाळ, परळ. हजर: दोन डॉक्टर, एक नर्स, चाळमालकाचा मुकादम आणि हंडे-कळश्या घेऊन आमची सगळी चाळ. नळाला कुलूप. किल्ली मुकादमाच्या कमरेला.

"आधी सुई, मग पाणी," मुकादम म्हणाला.

माझी सुमन सात वर्षांची. मी विचारलं, "साहेब, सुई कसली?"

त्यातले एक डॉक्टर माझ्याकडे न बघता नर्सला म्हणाले, "गिरगावात घरोघर बसून समजावलं. इथं कुणाला समजणार?" मग मला, "मुकादमानं सगळ्यांची परवानगी दिलीय."

मी बोलेपर्यंत मुकादमानं सुमनची बाही वर केली होती.

दुसऱ्या दिवशी दंड सुजला. अंग तापलं. नाक्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काय टोचलंय ते कळल्याशिवाय मी औषध काय देऊ?"

मी त्याच सुईवाल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दारातच उभं केलं.

"औषध नवीन आहे. अजून तपासतोय. नाव सांगून तुला काय कळणार?"

तपासतोय. माझ्या मुलीवर.

ताप उतरला. हात खांद्याच्या वर जाईना. आधी स्वतः घालायची ती वेणी आता तिची आई घालते. आमच्या समोरच्या भिंतीवर कुणी रंगवलंय, मुंबई आमची. शहर कुणाचं यावर लढा चालू होता. सुमनचा दंड कुणाचा, ते मुकादमानं ठरवून टाकलं होतं.

महिन्यानं डॉक्टर दुसरी सुई टोचायला आले. पुन्हा कुलूप. मी सुमनला घरात ठेवलं आणि नळाच्या ओट्यावर उभा राहिलो.

"औषध कशाचं ते सांगा. त्यानं काय बिघडू शकतं ते सांगा. मग ज्याला पटेल तो दंड पुढं करील."

"तुझ्या घराला पाणी बंद," मुकादम म्हणाला.

शेजारच्या कोंडाबाई मागून म्हणाल्या, "भाऊ, बाजूला व्हा. घरात घोटभर पाणी नाही. तुमचं खरं असेल, पण खऱ्यानं भात शिजतो का?"

त्यांनी आपल्या पोराची बाही वर केली. रांग पुढं सरकली. माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

गावाकडे तळ्याच्या पाण्यासाठी माझ्या बापानं काठ्या खाल्ल्या. मी रिकामा हंडा घेऊन घरी आलो. पाणी लांबून आणीन. मिळालं नाही तर तहानेला राहीन. पण विचारल्याशिवाय, सांगितल्याशिवाय, माझ्या घरातला दंड कुणाच्या हाती लागणार नाही.

संध्याकाळी नर्सनं मुकादमाला माणशी चार आणे मोजून दिले. माझ्या घराचे त्यात नव्हते. यापुढंही नसतील.